बाटलीतला नारायण

४ डिसेंबर, बडोदे

पोचले एकदाची! गाडीतून उतरले तेव्हा पाठ मोडून आली होती, पण स्टेशनाबाहेर गरमागरम सेव-उसळ खाल्ली आणि सगळा शीण गेला. इतकी तिखट, की नाकातून पाणी. रिक्षावाल्याशी मी हिंदीत बोलत होते, तो गुजरातीत उत्तरं देत होता, आणि शेवटी दोघंही हसत निजामपुऱ्यात पोचलो.

खोली छान आहे. संयोगिताकाकूंच्या टेनामेंटचा वरचा मजला, टेनामेंट म्हणजे इकडे रांगेतलं छोटं घर. वेगळा जिना, मोठी गच्ची. काकूंचे यजमान हंबीरराव गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले. त्यांचे खापरपणजोबा सरकारांच्या घोडदळात होते, हे त्यांनी मी चप्पल काढायच्या आत सांगितलं. काकूंचं मराठी ऐकून गंमत वाटते. "बस ने, आधी चा पी, मग वर जा," म्हणाल्या. भाजीला शाक म्हणतात. मला गुजराती ओ की ठो येत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, येईल ने, हवेतूनच येतं.

आईला फोन केला. विमलचं डायलिसिस आजच झालं होतं, त्यामुळे ती झोपली होती. लॅबमधली ही नवी नोकरी धरली त्याचं खरं कारण तीच आहे. लॅब ज्या इस्पितळाचं काम करते, तिथेच विमलला माझी किडनी बसवायची. धाकटी बहीण माझी. महिनाभरात तिला इकडे आणायचं. फार फार बरं वाटतंय आज.

६ डिसेंबर

लॅब गोरव्यात आहे, कारखान्यांच्या गल्लीत. बाहेर लोखंड कापल्याचा आवाज आणि आत एकदम शांत, थंड, पांढरं. प्रमुख डॉ. अहल्या मुजुमदार. त्यांचे आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते म्हणे, आणि मॅडमना समजावून सांगायची हौस आहे ती तिथूनच आली असावी. मी रक्तपेढीतून आलेली, त्यामुळे हे काम मला नवीन. मॅडम म्हणाल्या, रोगप्रतिकारशक्ती म्हणजे सैन्य वगैरे सगळे सांगतात ते सोड. ती मांडवाच्या दारात उभी असलेली आत्या आहे. तिला घरातला प्रत्येक चेहरा पाठ असतो. परका माणूस कितीही नटून आला तरी ती हटकते. आत्या झोपली तर मांडवात चोर शिरतात, आणि आत्याच भ्रमली तर ती घरच्यांनाच हाकलते.

प्रत्येक पेशीच्या अंगावर तिच्या माणसाची खूण असते, आणि आपण इथे त्या खुणा तपासतो. कुणाची किडनी कुणाला चालेल ते बघतो. देणाऱ्याच्या पेशी घ्यायच्या, घेणाऱ्याच्या रक्तातलं पाणी त्यात घालायचं, मग सशाच्या रक्तातला एक घटक आणि शेवटी रंग. घेणाऱ्याच्या शरीराला त्या पेशी परक्या वाटल्या तर ते त्यांना भोकं पाडतं. मेलेली पेशी रंग पिते आणि लाल दिसते. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ती चमकत राहते. हे सगळं बारीक खळग्यांच्या एका पट्टीवर होतं; आज एका रुग्णाची पट्टी मला दाखवली, सगळी लाल. म्हणजे त्याचा भाऊ त्याला किडनी देऊ शकणार नाही. मॅडमनी तो निकाल स्वतः खाली जाऊन सांगितला.

नव्या माणसाचं रक्त इथे तपासून थोडं गोठवून ठेवतात. माझंही घेतलं.

१४ डिसेंबर

आज नारायणची ओळख झाली! सकाळी मॅडमनी विचारलं, नारायणला खाऊ घातलंस का? मी बावचळून इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांनी उबवणयंत्राचं दार उघडून आडवी ठेवलेली चपटी बाटली दाखवली. गुलाबी पाणी आणि त्यात धुक्यासारखे ढग.

नारायण कदम इथे जुना तंत्रज्ञ होता, करजणहून रोज यायचा. तपासणीत ताडून बघायला एका निरोगी माणसाच्या पेशी लागतात, त्या नेहमी तोच द्यायचा. एका विषाणूच्या मदतीने पेशी अशा करता येतात की त्या मरत नाहीत, वाढतच राहतात, अन्न बदलत राहिलं की झालं. तशा त्याच्या करून ठेवल्या होत्या. पुढे हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. तो गेला, बाटली राहिली. मॅडम म्हणाल्या, फार सरळ माणूस होता, पेशीही सरळ आहेत, कधी त्रास देत नाहीत.

माझ्या रक्ताशीही त्या ताडून बघितल्या. दोन परक्या माणसांच्या पेशी एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींवर खवळतात, फुगतात, दुप्पट होतात. माझ्या पेशी नारायणवर अशा तुटून पडल्या की मॅडम हसून म्हणाल्या, तुझी आत्या भारी खट आहे.

१९ डिसेंबर

एक फजिती झाली. नारायणचं अन्न बदलताना सुई हातातून निसटली आणि अंगठ्यात घुसली. सुईत त्याच्याच पेशी. मी घाबरले. मॅडमनी अंगठा साबणाने धुवायला लावला, रजिस्टरमध्ये नोंद केली, माझी बाकीची सगळी तपासणी लावली. म्हणाल्या, काळजी करू नकोस, दुसऱ्याच्या जिवंत पेशी अंगात गेल्या तर चार-आठ दिवसांत शरीर त्यांचा फडशा पाडतं, ते तर त्याचं रोजचं काम आहे.

अंगठा सुजेल असं वाटलं होतं. नाही सुजला.

२ जानेवारी

आई आणि विमल आल्या. विमल इतकी वाळली आहे की स्टेशनवर मला क्षणभर कळलंच नाही. डायलिसिससाठी हातात केलेली शीर बंद पडली, आता मानेतून नळी घातली आहे, आणि तीही किती दिवस टिकेल कुणाला ठाऊक. काकूंनी खालची खोली रिकामी करून दिली. हंबीररावांनी विमलसाठी खाट हलवली, कण्हत कण्हत, पण कुणाला हात लावू दिला नाही.

इथे डास फार. आई आणि विमल रात्रभर खाजवत होत्या. मला चावतात हे दिसतं, पण अंगावर गांधीच उठत नाही. आई म्हणते, बडोद्याचं पाणी मानवलं तुला.

८ जानेवारी

आमची तपासणी झाली, मॅडमनी स्वतः केली. माझ्या पेशी, विमलच्या रक्तातलं पाणी. मी दाराबाहेर उभी राहिले, आत जायचं धाडसच होईना. मॅडमनी हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एकही लाल नाही. सगळ्या चमकतायत, जसं काही चांदणं सांडलंय! सख्ख्या जुळ्या बहिणींचीसुद्धा इतकी स्वच्छ पट्टी त्यांनी क्वचित पाहिली होती, म्हणाल्या.

विमलला मिठी मारली. ती म्हणाली, "ताई, मी पोटभर पाणी पिणार. एक अख्खा तांब्या." डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून मिळतं. आई देवापुढे जाऊन बसली ती उठेचना.

१४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळं शहर गच्चीवर. काकूंनी उंधियु केलं होतं, विमल खुर्चीत शाल घेऊन बसली होती.

हंबीररावांनी गंमत म्हणून पतंगाची दोरी माझ्या हातात दिली. मी आयुष्यात पतंग उडवलेला नाही. आमच्याकडे भाऊ नव्हता, कोण शिकवणार? पण दोरी हातात आली आणि हाताला माहीत होतं. ढील कधी द्यायची, कधी खेचायचं, मनगट कसं वळवायचं. पलीकडच्या गच्चीवरचा पतंग कापला आणि मी ओरडले, "ए काप्यो छे!" गच्ची टाळ्यांनी दणाणली. हंबीरराव माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ही पकड एका दिवसात येत नाही, पोरी, लहानपणापासून लागते.

मी हसले. पण नंतर आंघोळ करताना तो हात पुन्हा पुन्हा घासून धुतला.

१६ जानेवारी

मांज्याने बोट कापलं होतं, खोल. आज बघितलं. लाली नाही, सूज नाही, ठणका नाही. जखम आहे तशी उघडी, स्वच्छ, चित्रात काढल्यासारखी. जखम लाल होते ती आपलं शरीर तिथे धावून येतं म्हणून. माझ्या बोटाकडे कुणी आलंच नाही.

आणि आज रिक्षावाल्याशी मी गोरव्यापर्यंत गुजरातीत बोलत होते. उतरल्यावर लक्षात आलं.

मी मॅडमना न विचारता माझी तपासणी लावली आहे. माझं आजचं रक्त नारायणच्या पेशींबरोबर ठेवलं. आणि दुसऱ्या खळग्यात माझं आजचं रक्त माझ्याच गोठवलेल्या पेशींबरोबर, रुजू झाले तेव्हाच्या. निकालाला आठवडा तरी लागेल. देव करो आणि माझा वेडेपणा ठरो.

२३ जानेवारी

निकाल आला.

नारायणच्या पेशी आणि माझ्या पेशी शेजारी शेजारी स्वस्थ बसल्या आहेत. कुणी कुणाला हटकलेलं नाही. एकाच घरातल्या.

दुसऱ्या खळग्यात—मी तीनदा बघितलं. माझं आजचं रक्त माझ्याच डिसेंबरच्या पेशींवर तुटून पडलं आहे. फुगून, दुप्पट होऊन. जिला मी 'मी' म्हणत होते ती आता माझ्या अंगाला परकी वाटते. ते तिला मारतंय.

खुणाही तपासल्या. माझ्या रक्तात नारायणची खूण आहे. माझी शोधावी लागते.

२४ जानेवारी

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी खुणांची तपासणी पुन्हा स्वतः केली.  मग विमलचं रक्त, आईचं, त्यांचं स्वतःचं, गोठवलेल्या चार अनोळखी रुग्णांचं, एकेक करून माझ्या पेशींवर घातलं. एकही लाल झाली नाही. कुणाचंच शरीर याला हटकत नाही.

मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदाचं. म्हणाल्या, मोहना, रोज इथे कुणाला तरी नाही सांगावं लागतं मला, आणि तू... तुझं कुणालाही चालेल. विमलला किडनी टिकवायच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागणार नाहीत. मी म्हटलं, पण विमलच्या अंगात जाणार ते माझं नसेल. त्या म्हणाल्या, नारायण फार सरळ माणूस होता गं.

किडनी थांबवा म्हटलं. त्यांनी विचारलं, मग विमलचं काय?

मी एप्रन काढला आणि घरी आले.

२६ जानेवारी

सुट्टी. भाजी आणायला निघाले आणि करजणच्या बसमध्ये बसले. का बसले ठाऊक नाही. बाजारातून वळणं घेत गेले, कुणाला न विचारता. एका घराच्या मागच्या दाराची कडी वरून हात घालून काढली.

आत एक बाई तांदूळ निवडत होत्या. मी तिऱ्हाईत, घरात शिरलेली, पण त्या ओरडल्या नाहीत. माझ्या उभं राहण्याकडे बघत राहिल्या. मी दाराला खांदा टेकून एक पाय दुमडून उभी होते. मी अशी कधी उभी राहत नाही.

इंदिराबाई, नारायणची बायको. नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी रडत सगळं सांगितलं, सुई, बाटली. त्यांना किती कळलं कोण जाणे. ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाई, त्यांना मी एकदा जाळून आले. एकदा रडले. परत नाही जमायचं मला. तुम्ही नका येऊ." मग ग्लासात ताक आणून दिलं. मीठ न घालता. मला बिनमिठाचं ताक आवडतं, हे मला तेव्हाच कळलं.

निघताना त्यांनी दाराला आतून कुलूप घातलं.

२८ जानेवारी

विमलला सांगितलं. माझी किडनी नको घेऊस. जमेल तसं समजावलं. तिला वाटलं मी माघार घेतेय. तिने भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "भीती वाटते असं सरळ सांग ना ताई. भूत कशाला मध्ये आणतेस?"

आई म्हणाली, तुझ्यावर बळजोरी नाही, पण मरणाऱ्या पोरीशी असं बोलू नये.

मानेतली नळी पिकली आहे. विमलला थंडी वाजून ताप येतो. तिचं शरीर भांडतंय बिचारं. माझं मुळीच भांडत नाही.

१ फेब्रुवारी

दुसरा कुणी देणारा नाही. आईला साखरेचा आजार. सरकारी यादीत नंबर लागेपर्यंत विमल राहायची नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांना गाठून सांगितलं, माझ्या रक्तात दुसऱ्या माणसाच्या पेशी आहेत. त्यांनी अहवाल बघितला. अहवाल उत्तम. मला मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली.

माझ्या डिसेंबरच्या पेशी परत अंगात घातल्या तर? विचारलं मॅडमना. त्या म्हणाल्या, तू बघितलंस ना त्यांचं काय होतं ते.

गोठवलेली एकच नळी उरली होती. आज गेले तर ती जागेवर नव्हती. मॅडम म्हणतात, तूच काल बाहेर काढून ठेवली होतीस. टेबलावर. रात्रभर. सही माझी आहे.

मला आठवत नाही.

४ फेब्रुवारी

इस्पितळाच्या अवयवदान समितीपुढे उभं केलं. राजीखुशीने देता का, हे विचारतात. मी 'नाही' म्हणायला गेले होते. सकाळपासून तेवढा एकच शब्द घोकत होते. नाही. नाही.

तोंड उघडलं आणि म्हणाले, हा साहेब, मारी राजीखुशीथी आपुं छुं.

साहेब खूश झाले. सही घेतली. आईने माझे पाय धरले. आईने. माझे.

६ फेब्रुवारी

काकूंनी विचारलं, शाक कसं झालंय. मी म्हटलं, सरस.

आमच्या घराचा पत्ता आठवत नव्हता. सांगलीचा. गल्ली आठवते, चिंच आठवते—नाही, चिंच करजणला.

विमलचं लहानपणीचं तोंड आठवून बघितलं. येतं आणि जातं. पाण्यात बघितल्यासारखं.

मी मोहना दाभाडे. मी मोहना दाभाडे. मी—

७ फेब्रुवारी

उद्या इस्पितळात दाखल व्हायचं, परवा ऑपरेशन. पळून जावं म्हटलं. रस्त्यापर्यंत गेले. पाय वळले. खालच्या खोलीत विमल कण्हत होती. पळाले तर ती मरणार, नाही पळाले तर—

तिला सांगायचं होतं, पाणी पी पोटभर. निदान तेवढं तरी—

१३ फेब्रुवारी

झालं. दुखत नाही. कुशीवर टाके आहेत, कोरडे.

विमलची किडनी टेबलावरच चालू झाली. डॉक्टर म्हणतात असं पाहिलं नव्हतं. गोळ्या कमी करतायत. तिचे गाल भरले. तांब्याभर पाणी प्यायली. आई शेजारच्या खाटांना पेढे वाटत होती.

मला तिच्याकडे बघवत नाही. ती पाय दुमडून बसते.

१६ फेब्रुवारी

मॅडम येऊन विमलचं रक्त घेऊन गेल्या. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, विमलची खूण कमी होते आहे. पटपट. आवाज कसा तरी होता त्यांचा. म्हणाल्या, मला वाटलं नव्हतं. मग म्हणाल्या, बरी आहे ना पण ती? बरी आहे ना?

हो. बरी आहे. दोघं बरे आहोत.

दोघी.

१८ फेब्रुवारी

दुपारी एक बाई डबो घेऊन आल्या. विमलने अदबीने विचारलं, बेन, तमे कोण? त्या हसल्या. थट्टा वाटली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मोहना, बघ गं, ही मला ओळखत नाही म्हणते.

मी बघितलं. चांगल्या घरच्या वाटल्या. थकलेल्या. कपाळावर घाम. मी विमलकडे बघितलं, विमलने माझ्याकडे. दोघांनाही—

त्या अजून दारातच उभ्या आहेत. डबा खाली ठेवत नाहीत. रडतायत. कुणीतरी त्यांना खुर्ची द्यायला हवी. बसवून सांगायला हवं, बेन, तुमच्या मुली—